औषधी मुळे, भूमीचे पोषण आणि सूक्ष्मजीव

दशमूळ, अश्वगंधा, शतावरी, यष्टिमधु ही आपल्या नित्य व्यवहारातील द्रव्ये. या सर्वांचे प्रयोज्य अंग मूळ होय. पूर्वी वनातून येणारी यांपैकी काही द्रव्ये आता शेतातून येतात. त्यामुळे भूमिपरीक्षेचा विषय पुन्हा विचारात घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

शास्त्रविचार

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभी जांगल, आनूप व साधारण देशांचे वर्णन केले आहे. सुश्रुतसंहितेतील भूमिप्रविभागीय अध्यायात महाभूतांच्या आधिक्यानुसार भूमीचे भेद सांगून वारूळ, स्मशान, क्षारयुक्त जागा इत्यादी वर्ज्य मानल्या आहेत. रासायनिक खतांचा प्रश्न मात्र आपल्या काळातील आहे.

आधुनिक विचार

स्फुरद मातीत फारसा प्रवाही नसतो. मुळांलगतचा साठा संपला की वनस्पतीस उणीव भासते. अशा वेळी तिच्या मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोन हे संप्रेरक अधिक स्रवते. त्याच्या योगाने मायकोरायझा बुरशीचे तंतू शाखायुक्त होतात, हे २००५ साली जपानी संशोधकांनी दाखविले. बुरशी दूरचा स्फुरद आणून देते व मोबदल्यात शर्करा आणि स्नेहांश घेते. जमिनीत स्फुरद मुबलक असल्यास हा स्राव घटतो व सहवासही मंदावतो. याच वर्गातील संयुगांमुळे ज्वारीवरील टारफुल्याचे बीही रुजते. टारफुल्याच्या शास्त्रीय नावावरूनच या संप्रेरकास नाव मिळाले.

नत्राची गोष्टही अशीच. शालपर्णी (सालवण) ही शिंबी कुलातील. रायझोबियम जीवाणूंचा संकेत मिळताच मुळात सायटोकायनिन या संप्रेरकाची क्रिया वाढून गाठ तयार होऊ लागते. परंतु नत्रखत अधिक झाल्यास गाठी कमी होतात.

सॅलिसिलिक आम्ल हे संप्रेरक जणू द्वारपाल आहे. मोहरीच्या कुलातील अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत ते मुळातील जीवाणूंचा समुदाय घडविते, असे २०१५ साली दिसून आले. त्याच वनस्पतीत स्फुरदाची उणीव ओळखणारी यंत्रणा संरक्षक प्रतिक्रियेस काही अंशी आवर घालते, असे २०१७ साली आढळले. मात्र या वनस्पतीत मायकोरायझाचा सहवास नसतो. म्हणून एका वनस्पतीचा निष्कर्ष सर्वांस सरसकट लावू नये.

व्यवहारातील बोध

आमच्या औषधी बागेत शतावरीस आम्ही मायकोरायझाचे संवर्धक दिले आणि त्याच वेळी सुपर फॉस्फेटही सढळ हाताने घातले. अतिथीस आमंत्रण धाडावे आणि दारास कडी घालावी, तसा तो प्रकार झाला. संवर्धकाचा खर्च आम्ही आमच्याच हाताने वाया घालविला. म्हणून वैद्यबंधूंस व औषधी-निर्मात्यांस पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. लागवडीपूर्वी माती परीक्षण करावे. उपलब्ध स्फुरद पाहूनच खताची मात्रा ठरवावी.

२. शालपर्णीचे एखादे रोप हलक्या हाताने उपटून पाहावे. गाठ कापल्यावर आत गुलाबी रंग दिसल्यास ती कार्यरत आहे असे समजावे.

३. मुळे खरेदी करताना गावाच्या नावासोबत जमीन, खत व काढणीचा काळ यांची नोंद घ्यावी व ती त्या मालाच्या कागदपत्रांत जपून ठेवावी.

४. मुळाची गुणवत्ता या एकाच कारणाने ठरत नाही. ओळख, शुद्धता व सत्त्वांश यांच्या नेहमीच्या परीक्षा अनिवार्यच आहेत.

उपसंहार

खत नकोच, असा याचा अर्थ नव्हे. अत्यंत निकृष्ट भूमीतील वनस्पती स्वतःच उपाशी असते, ती सहवासी जीवांस काय पोसणार? पोषणाचा हीनयोग व अतियोग दोन्ही टाळून सम्यक् योग साधावा, हेच सार. रुग्णाची मात्रा ठरविताना आपण जो विवेक ठेवतो, तोच भूमीच्या बाबतीतही ठेवावा, इतकीच आमची विनंती. इत्यलम्.