चेहऱ्यावरून राग ओळखू नकोस

दुसरबीड, ता. सिंदखेडराजा

चि. सौ. छकुलीस,


जावईबापूंना पार्किन्सन्स असल्याचं तुझ्या पत्रातून कळलं. वय अवघं अठ्ठेचाळीस, त्यात जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी. तुझी झोप उडाली असणार. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात, म्हणून हालचाल मंदावते, हात थरथरतो, हे डॉक्टरांनी सांगितलंच असेल. मुळापासून बरं करणारं औषध आज नाही. पण गोळ्यांनी त्रास आटोक्यात राहतो आणि माणूस कितीतरी वर्षं कामाधंद्याचा राहतो. तुझ्या काकांच्या याच आजारात मी हे रोज बघते आहे. म्हणून तपासणीच्या खोलीत जे बोलायचं राहून जातं, तेवढंच लिहिते.

तू लिहिलंस, ते हल्ली तुसडे झालेत, हसत नाहीत, दोनदा विचारल्याशिवाय उत्तर देत नाहीत. अगं, हा आजार चेहऱ्याच्या स्नायूंनाही धरतो. मनात हसू असतं, पण ते ओठांपर्यंत पोचत नाही. पापण्या कमी लवतात, त्यामुळे नजर रोखल्यासारखी दिसते. आवाज बसतो, त्यांना वाटतं आपण नीट बोललो, तुला मात्र ऐकू येत नाही. उत्तर जुळवायलाही वेळ लागतो, आणि तेवढ्यात आपण दुसरा प्रश्न विचारून मोकळ्या होतो. बायकोने इतकी वर्षं नवऱ्याचा चेहरा वाचूनच संसार केलेला असतो. आता तो चेहरा खरं सांगत नाही, हे मनाला पटायला फार जड जातं. पण ते पटवून घे. यापुढे अंदाज करू नकोस, विचार. ‘रागावलात का?’ असं सरळ विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब. त्यांनाही सांग, की आता तोंडाने बोलावं लागेल. भाजी आवडली तर आवडली म्हणायचं.

काही वेळा उदासीही असते. ती नुसती आजाराच्या धक्क्याने येते असं नाही, मेंदूतल्या बदलानेही येते, आणि तिच्यावर उपचार आहेत. झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं हेही याच आजारात दिसतं. रात्री हात लागला तर मनाला लावून घेऊ नकोस. अंथरुणात अंतर ठेव आणि डॉक्टरांना सांग. या आजाराच्या काही औषधांनी कोणाकोणाला खर्चाचा, जुगाराचा, लॉटरीचा नाद लागतो. तसं काही दिसलं तर भांडत बसू नकोस, लगेच डॉक्टरांना कळव. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करायची नाही. अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकतं.

या आजारावरची लेव्होडोपाची गोळी घड्याळ लावून द्यायची, आणि शक्यतो जेवणाआधी अर्धा तास. आपल्याकडचं वरण, दूध, अंडी यांतल्या प्रथिनांमुळे काहींच्या अंगी ती नीट लागत नाही. कोणी खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण आणून देईल. त्या बियांत लेव्होडोपा असतंच, म्हणूनच गोळीवर ते घेतलं तर मात्रा वाढते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. गावात कोणी ‘बाहेरचं काही असंल’ म्हणून अंगारा सुचवेल, चाल अडखळते म्हणून कोणी दारूचाही संशय घेईल. त्यावर उपाय एकच, आजाराचं नाव घेऊन सांगून टाकायचं. लपवण्यात फार ताकद जाते, आणि ताणाने थरथर वाढते.

उंबरठ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतील. तेव्हा हात धरून ओढू नकोस, तोल जाईल. त्यांना थांबू दे, मग ‘एक, दोन’ म्हणत पाऊल उचलायला सांग. फरशीवर रंगाचे आडवे पट्टे ओढले तर ते ओलांडताना पाय सुटतो.

त्यांच्या हातातलं काम लवकर काढून घेऊ नकोस. सदऱ्याच्या गुंड्यांना वेळ लागतो, तर लागू दे. त्यासाठी सकाळी लवकर उठा. नवऱ्याला लेकरू केलंस, की तू आई होतेस आणि बायको उरत नाहीस. घरचे व्यवहार, सोयाबीन कधी विकायची, मुलाला कुठे घालायचं, हे सगळं त्यांना विचारूनच ठरव. सहवासाचा संकोच वाटत असेल तर तेही दोघांनी डॉक्टरांशी बोलावं. त्यात लाज कसली?

नोकरी जाण्याची भीती त्यांना पोखरते आहे, ते मला दिसतंय. फळ्यावरचं अक्षर बारीक होत चाललंय म्हणालीस. दिव्यांग हक्क अधिनियम, 2016 मध्ये पार्किन्सन्सचा समावेश आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं, तर सरकारी आस्थापनेला माणसाला काढता येत नाही की खालच्या पदावर टाकता येत नाही. ते काम जमेना तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. हे त्यांना वाचून दाखव. पुढे गरज पडली तर बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढता येईल.

आणि तुझं काय? माहेरी जाणं, भजनी मंडळ, मैत्रिणी, यातलं काही सोडू नकोस. आठवड्यातली एक दुपार दिराला किंवा मुलाला त्यांच्याजवळ बसव. चिडचीड होईल, रडूही येईल. त्याने तू वाईट बायको ठरत नाहीस. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं मिळून चालवतात. यूट्यूबवर त्यांचे कार्यक्रम आहेत. दोघं मिळून बघा. आपल्यासारखी माणसं हसताना, नाचताना दिसली, की जावईबापूंना मी शंभर पत्रांत सांगू शकणार नाही ते कळेल.

पुढच्या तपासणीला एकटी जाऊन गोळ्या लिहून आणू नकोस, त्यांना घेऊन जा. आता समृद्धी महामार्ग झालाय, संभाजीनगरला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. डॉक्टरांनी तुला विचारलं तरी उत्तर त्यांना देऊ दे. येताना दुसरबीडला उतरा. तुझ्या काकांना त्यांच्याशी बोलायचं आहे.

तुझी,
मावशी