चौघींची शर्यत
(अभ्यासपाठ : माँट्रिअल, १९७६)

पोहणे हा बहुतांशी एकट्याचा खेळ आहे. डोके पाण्यात असते, शेजारच्या पट्ट्यातील प्रतिस्पर्धी धूसर दिसतो आणि आपला श्वास आपणच सांभाळावा लागतो. मात्र रिले शर्यतीत हा एकट्याचा खेळ चौघांचा होतो. प्रस्तुत पाठात आपण अशा एका शर्यतीचा अभ्यास करणार आहोत. कॅनडातील माँट्रिअल शहरी भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेत दि. २५ जुलै १९७६ रोजी झालेली स्त्रियांची ४ × १०० मीटर फ्रीस्टाइल रिले ती हीच. ही शर्यत पावणेचार मिनिटांतच संपली; परंतु तिचा अर्थ पुरता उलगडण्यास पुढे अनेक वर्षे लागली.

१. शर्यतीचे स्वरूप

स्त्रियांची ही रिले ऑलिंपिकमध्ये प्रथम १९१२ साली स्टॉकहोम येथे झाली. त्या वेळी अवघे चार संघ उतरले होते आणि ब्रिटनच्या संघाने ५ मिनिटे ५२.८ सेकंदांत ती जिंकली. फ्रीस्टाइल म्हणजे पोहणाऱ्याने आपल्या पसंतीच्या पद्धतीने पोहावे असा नियम. पण क्रॉल हीच पद्धत सर्वांत वेगवान असल्यामुळे सगळे तीच स्वीकारतात. संघातील चौघी एकामागून एक प्रत्येकी १०० मीटर, म्हणजे ५० मीटरच्या तलावाच्या दोन फेऱ्या, पोहतात.

धावण्याच्या रिलेत हातात काठी दिली जाते. पाण्यात काठी नाही; तिच्या जागी भिंतीला होणारा स्पर्श असतो. पोहत येणारीचा हात भिंतीला लागण्यापूर्वी पुढचीचे पाय ओट्यावरून सुटले, तर संपूर्ण संघ बाद होतो. म्हणून दुसरी, तिसरी व चौथी ह्यांना येणाऱ्या मैत्रिणीच्या हातांकडे टक लावून, तिचा शेवटचा हात नेमका केव्हा पडेल ह्याचा अंदाज घेऊन झेपावे लागते. हा अंदाज साधला तर प्रत्येकीचा सुमारे अर्धा सेकंद वाचतो. चुकला तर इतर तिघींचे श्रमही वाया जातात. एकीच्या उतावळेपणाची किंमत चौघींनी मोजावी, अशी ह्या शर्यतीची रचनाच आहे.

२. पार्श्वभूमी

१९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या स्त्रियांना पोहण्यात एकही सुवर्णपदक मिळाले नव्हते. पुढच्याच वर्षी बेलग्रेड येथे पहिली जागतिक जलतरण स्पर्धा झाली, तेव्हा स्त्रियांच्या १४ पैकी १० शर्यती त्याच देशाने जिंकल्या. माँट्रिअलमध्ये तर स्त्रियांच्या १३ शर्यतींपैकी ११ सुवर्णपदके पूर्व जर्मनीकडे गेली. मेडले रिलेत अमेरिकेचा संघ त्यांच्या सहा सेकंदांहून अधिक मागे राहिला.

अमेरिकेची सर्वांत समर्थ जलतरणपटू शर्ली बाबाशॉफ त्या वेळी १९ वर्षांची होती. २००, ४०० व ८०० मीटर फ्रीस्टाइल ह्या तिन्ही शर्यतींत तिला दुसरा क्रमांक मिळाला. मेडले रिलेचे रौप्य धरून ही चार रौप्यपदके झाली. पूर्व जर्मन मुलींचे घोगरे आवाज आणि पिळदार स्नायू ह्यांविषयी ती उघडपणे बोलली. त्याबद्दल उत्तर मिळण्याऐवजी तिच्याच देशातील वृत्तपत्रांनी तिला हरणे न सोसणारी, कुरकुरी मुलगी ठरवून तिची हेटाळणी केली. ह्या मनःस्थितीत ती शेवटच्या दिवसाच्या रिलेसाठी ओट्यावर उभी राहिली.

३. शर्यत

दोन्ही संघांची मांडणी परस्परविरुद्ध होती. पूर्व जर्मनीने आपली सर्वांत वेगवान मुलगी कॉर्नेलिया एंडर हिला प्रथम उतरविले. अमेरिकेने बाबाशॉफला शेवटी राखून ठेवले. आकडे लक्षपूर्वक पाहावेत, कारण संपूर्ण पाठ त्यांतच आहे.

एंडरने आपले १०० मीटर ५५.७९ सेकंदांत पूर्ण केले. अमेरिकेच्या किम पेटनला ५६.९५ सेकंद लागले. म्हणजे अमेरिका १.१६ सेकंद मागे. दुसरी आली वेंडी बोग्लिओली. तिने ५५.८१ सेकंद घेतले, तर पेट्रा प्रीमरने ५६.१६. अंतर ०.८१ वर आले. तिसऱ्या टप्प्यात दोन्हीकडे १५ वर्षांच्या मुली होत्या : अमेरिकेची जिल स्टर्केल आणि पूर्व जर्मनीची आंद्रेया पोलाक. पोलाक ही ह्याच स्पर्धेत २०० मीटर बटरफ्लायची विजेती होती. स्टर्केलने ५५.७८ सेकंदांत अंतर कापले, पोलाकने ५६.९९. चौघींतील सर्वांत वेगवान टप्पा ह्या पंधरा वर्षांच्या मुलीचा ठरला आणि अमेरिका ०.४० सेकंदाने पुढे गेली. अखेरीस बाबाशॉफने ५६.२८ सेकंदांत ती आघाडी राखली, किंबहुना क्लॉडिया हेम्पेलपेक्षा ती थोडी वाढविली.

अमेरिका ३ मिनिटे ४४.८२ सेकंद, पूर्व जर्मनी ३ मिनिटे ४५.५०. नवा जागतिक विक्रम झाला. यजमान कॅनडाला कांस्यपदक मिळाले. त्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या स्त्रियांना पोहण्यात मिळालेले हे एकमेव सुवर्णपदक.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पहिलीने फार मोठी आघाडी घेतली नाही म्हणून तिला कोणी दोष देऊ शकत नाही. समोर जगातील सर्वांत वेगवान मुलगी असता पेटनचे काम जिंकण्याचे नव्हते. अंतर आवाक्यात ठेवण्याचे होते. ते तिने केले, म्हणूनच पुढच्या दोघींना ते भरून काढता आले. प्रत्येकीला आपला वाटा उचलायचा होता, सगळा भार नव्हे. पेटन पुढे १९८६ साली, वयाच्या तिशीपूर्वीच, मेंदूतील गाठीच्या विकाराने निवर्तली. ते सुवर्णपदक तिचेही होते.

४. नंतर उघड झालेले सत्य

१९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळली आणि पूर्व जर्मनीची गुप्त कागदपत्रे हाती येऊ लागली. वेर्नर फ्रांके व ब्रिगिटे बेरेंडोंक ह्या दांपत्याने ती अभ्यासून १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. १९७४ पासून ‘राज्य योजना १४.२५’ ह्या नावाखाली सरकारनेच खेळाडूंना अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड देण्याची पद्धत चालविली होती. किशोरवयीन मुलींना ‘ह्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत’ असे सांगून ती औषधे दिली जात. कित्येकींना पुढे यकृताचे, हृदयाचे व प्रजननाचे विकार जडले. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने पूर्व जर्मनीचे क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड व वैद्यकीय अधिकारी मानफ्रेड ह्योप्नर ह्यांना दोषी ठरविले. दोघांच्याही शिक्षा स्थगित ठेवण्यात आल्या.

माँट्रिअलचे निकाल मात्र बदलले नाहीत. बाबाशॉफची रौप्यपदके रौप्यच राहिली. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला ‘ऑलिंपिक ऑर्डर’ हा सन्मान दिला. मधली २९ वर्षे तिला परत देणे कोणालाच शक्य नव्हते.

तरीही न्यायनिवाडा करताना आपण सावध असावे. शेजारच्या पट्ट्यात पोहणाऱ्या मुली शत्रू नव्हत्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने आपल्या प्रशिक्षकावर विश्वास ठेवला, हा तिचा अपराध होऊ शकत नाही. अपराध त्या वडीलधाऱ्यांचा, ज्यांनी पदकांसाठी मुलांच्या देहाचा सौदा केला. एका बाजूला जिचे पदक गेले ती, दुसऱ्या बाजूला जिचे आरोग्य गेले ती. एकाच असत्याने दोघींचीही हानी केली. सत्य बोलणारीची कड घेणे आणि फसवल्या गेलेलीविषयी कळवळा बाळगणे ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. त्या एकाच अंतःकरणात राहू शकतात, नव्हे, राहिल्याच पाहिजेत.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. पेटन पिछाडीवर राहिली तरी तिने आपले काम पूर्ण केले, असे का म्हणता येते? आपल्या कुटुंबात वा मंडळीत असे काम कोण करते, व त्याची दखल कोण घेते?
२. बाबाशॉफचे म्हणणे खरे असूनही लोकांनी तिची हेटाळणी का केली असावी? आज खरे बोलणाऱ्या तरुणाचे आपण कसे ऐकतो?
३. मुलांच्या यशासाठी वडीलधाऱ्यांनी कोणती मर्यादा कधीही ओलांडू नये?
४. उशिरा मिळालेल्या न्यायाने काय भरून निघते आणि काय निघत नाही?