पुडीवरचे बारीक अक्षर

आपण बिस्किटाची पुडी घेतो, फोडतो आणि खातो. मागे काय लिहिले आहे ते कोणी वाचत नाही. मीपण वाचत नव्हते.

माझ्या धाकट्या भावाला शेंगदाणे चालत नाहीत. याला अ‍ॅलर्जी म्हणतात. आपल्याला पोषक असलेले अन्न त्याच्या शरीराला शत्रू वाटते. थोडे खाल्ले तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, दमसुद्धा लागू शकतो. एका बाजाराच्या दिवशी मी त्याला साधी बिस्किटे दिली. पुडीवर हिरवा ठिपका होता, म्हणून मला वाटलं चालेल. थोड्या वेळाने त्याचे ओठ सुजले. आबांनी त्याला लगेच दवाखान्यात नेले. तो बरा झाला, पण मला रात्रभर झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती पुडी बाईंना दाखवली. बाई म्हणाल्या, "हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. शेंगदाणापण शाकाहारीच ना!" मग त्यांनी मागचे बारीक इंग्रजी अक्षर वाचले, 'मे कन्टेन पीनट'. म्हणजे यात शेंगदाणा असू शकतो.

बिस्किटात दाणे घातले नव्हते, मग आले कुठून? पाट्यावर दाण्याची चटणी वाटली आणि पाटा न धुता लसूण वाटला, तर लसणात दाणे येतातच. कारखान्यात एकाच यंत्रावर दोन पदार्थ केले तर तसेच होते.

आपल्या देशात लेबलांचे नवे नियम २०२० साली झाले. गहू, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, काजू-बदाम, सोयाबीन यांपैकी काही घातले असेल तर 'कन्टेन्स' आणि चुकून मिसळू शकत असेल तर 'मे कन्टेन' लिहून पुढे त्याचे नाव लिहावे लागते.

पण उगाच सगळ्याच पुड्यांवर तसे लिहिले, तर 'लांडगा आला रे आला' सारखे होईल. कोणी खरे मानणार नाही. आधी यंत्र नीट धुवावे. तरी भीती असेल तिथेच लिहावे. नियमाला इंग्रजी किंवा हिंदी पुरते. पण माझ्या आईसाठी मराठीतही लिहावे, मोठ्या अक्षरात.

पालकांनो, सुट्या फरसाणावर काहीच लिहिलेले नसते, तेव्हा दुकानदाराला विचारा. खाल्ल्यावर ओठ सुजले किंवा दम लागला तर घरगुती उपाय करत बसू नका, ताबडतोब डॉक्टरांकडे जा.

आता आमच्या घरी पुडी आली की आधी मी वाचते, मग भाऊ खातो.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी