कोकणातील पाण्याची वाट

सह्याद्री आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये कोकणची चिंचोळी पट्टी पसरली आहे. सकाळी घाटमाथ्यावरून निघालेला प्रवासी दिवस मावळण्यापूर्वी सहज समुद्रकिनारी पोहोचतो आणि बहुतेक प्रवासी तेच करतात. घाट उतरावा, पुळण गाठावी, लाटांत पाय भिजवावे आणि परतावे, एवढ्यावरच त्यांचे कोकणदर्शन संपते. वस्तुतः या प्रदेशातील रमणीय स्थळे एकमेकांपासून सुटी नाहीत. डोंगरावर पडलेले पाणी ज्या वाटेने समुद्राकडे जाते, त्या वाटेवरच ती वसली आहेत.

ही वाट आंबोलीसारख्या ठिकाणी सुरू होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर आहे. नैऋत्येकडून येणारे मोसमी वारे सह्याद्रीच्या भिंतीला अडून वर चढतात, थंडावतात आणि बाष्पाचे ओझे येथेच रिते करतात. आषाढात धुके इतके दाट असते, की रस्त्याकडेचा धबधबा दिसण्याआधी ऐकू येतो. येथेच हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. मौज अशी, की ही नदी जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला वळते आणि घटप्रभा व कृष्णा यांच्या सोबतीने थेट बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या उगमाजवळील मंदिराच्या कुंडात राहणाऱ्या एका चिमुकल्या माशाची नवी जात म्हणून 2020 साली शास्त्रात नोंद झाली. तिला नदीचेच नाव मिळाले : ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली.

हिरण्यकेशीची गोष्ट निराळी. घाटाच्या पश्चिमेस पडणारे पाणी मात्र कोकणातच उतरते. रत्नागिरी, राजापूर, देवगड या बाजूला समुद्राजवळ जांभ्या दगडाची विस्तीर्ण पठारे आहेत. त्यांना सडा म्हणतात. वैशाखात सडा पाहणाऱ्याचे मन खट्टू होते. काळपट तांबूस कातळ, करपलेले गवत, सावलीला झाड नाही. ‘पडीक जमीन’ असा शिक्का मारून लोक पुढे जातात. परंतु मृगाच्या सरी कोसळल्या, की याच कातळाचे रूप पालटते. खळग्यांत पाणी साचते, बेडूक ओरडू लागतात आणि श्रावण-भाद्रपदात सारा सडा फुलांनी झाकून जातो. ‘सीतेची आसवे’ या नावाचे निळेजांभळे फूल त्यांतलेच. दिसायला ते अगदी नाजूक. पण त्या वनस्पतीला सूक्ष्म फुगे असतात आणि त्यांत ती बारीक जलजीव पकडते. शेजारीच ‘दवबिंदू’ ही वनस्पती आपल्या चिकट थेंबांवर कीटकांना अडकवते. कातळावरील मातीच्या पातळ थरात पुरेसे नत्र मिळत नाही, म्हणून या वनस्पतींनी पोट भरण्याची ही वेगळीच युक्ती साधली आहे.

सड्याचे मोल फुलांपुरतेच नाही. जांभा सच्छिद्र असतो. त्यावर पडलेला पाऊस आत मुरतो आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या, विहिरींच्या रूपाने प्रकट होतो. त्याच पाण्यावर वाड्यांतील नारळी-पोफळी उभ्या आहेत. चिऱ्यांसाठी सडा बेसुमार खणला, म्हणजे पाणी मुरण्याच्या या वाटा मोडतात आणि खालच्या वाडीतील झरा आटण्याचे भय उभे राहते. शिवाय या कातळावर प्राचीन मानवाने कोरलेली चित्रेही आहेत. कशेळी येथील हत्तीचे चित्र सुमारे 18 मीटर लांब असून त्याच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरले आहेत. 2022 साली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली. पडीक म्हणवणाऱ्या जमिनीला एवढी श्रीमंती पुष्कळ झाली!

झरे ओढ्यांना, ओढे नद्यांना मिळतात आणि नदीच्या मुखाशी गोड्या व खाऱ्या पाण्याची भेट होऊन खाडी बनते. खाडीच्या चिखलात तिवर आणि चिपी यांचे कांदळवन वाढते. चिखलात हवा नसते. म्हणून या झाडांची काही मुळे श्वास घेण्यासाठी खुंट्यांसारखी वर डोकावतात. त्या मुळांच्या आश्रयाने माशांची पिल्ले वाढतात.

महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या सीमेवर सागराला मिळते. मुखाच्या उत्तरेस हरिहरेश्वरचे, लाटांनी झिजवून जाळीदार केलेले खडक आहेत आणि दक्षिणेस बाणकोटच्या पलीकडे वेळास हे लहानसे गाव आहे. हिवाळ्यात रात्रीच्या वेळी समुद्री कासवाची मादी वेळासच्या पुळणीवर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून समुद्रात निघून जाते. ती पुन्हा त्यांच्याकडे फिरकत नाही. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कोल्ही-कुत्री खात. 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने त्यांचे रक्षण आरंभिले. आता अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यांत जपून ठेवतात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी वाळू हलते आणि तळहाताहून लहान पिल्ले वर येतात. वाळू अधिक उबदार असेल, तर त्यांत माद्यांची संख्या वाढते. पाण्यापासून काही अंतरावर त्यांना सोडले, की कोणी न शिकवता ती समुद्राकडे सरपटू लागतात. पाहणारे श्वास रोखून दोरीमागे उभे असतात. तेथे गोंगाट चालत नाही आणि पिल्लांना हात लावण्यास मनाई असते.

किनाऱ्याने दक्षिणेस उतरत गेले, की मालवण लागते. तेथील समुद्राचा काही भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. निवळ पाण्याच्या दिवसांत खडकांवरील प्रवाळ आणि त्यांत विहरणारे रंगीत मासे पाहता येतात. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते सजीव आहेत. नुसता पाय पडला तरी मोडतात. याच पाण्यात शिवाजी महाराजांनी 1664 साली बांधावयास घेतलेला सिंधुदुर्ग उभा आहे. त्याच्या चहूबाजूंना अथांग खारे पाणी. आत मात्र दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरी आहेत. बेटावर पडून जमिनीत मुरलेला पाऊस त्यांत झिरपतो आणि लाटांचा आवाज कानी येत असतानाच तेथील माणसे पोहरा सोडून गोडे पाणी शेंदतात.