दुसऱ्या वर्षाचं काय सांगायचं?

चि. अनिकेत यास,


ताईने तुझ्या आठही सेमिस्टरच्या गुणपत्रिका पाठवल्या. एकूण 7.1 बघून तू खचला आहेस, असं ती म्हणाली. मी तो आकडा सगळ्यात शेवटी बघितला. पहिलं वर्ष चांगलं. दुसऱ्या वर्षी एम-थ्री या गणिताच्या पेपरला केटी, म्हणजे विषय मागे राहिलेला, आणि फ्लुइड मेकॅनिक्स जेमतेम काठावर. तिसऱ्यापासून चढ, आणि शेवटच्या दोन्ही सेमिस्टरना साडेआठच्या वर. परदेशी शिकायला जाण्याच्या तुझ्या अर्जात इंजिनिअरिंग शिकवणारा कुणीही हे कागद याच क्रमाने वाचेल आणि त्याला पहिला प्रश्न पडेल तो दुसऱ्या वर्षाचा. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस, तर तो स्वतःच काहीतरी ठरवून मोकळा होईल.

तू तेव्हा बाजा स्पर्धेसाठी बनवायच्या गाडीमागे होतास, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. रात्ररात्र वर्कशॉपमध्ये रोल केजचं वेल्डिंग, मग पीथमपूरची स्पर्धा, आणि परीक्षा तोंडावर. हे एसओपीत, म्हणजे अर्जासोबतच्या उद्देशपत्रात, जरूर लिही, पण दोन वाक्यांत, आणि रडगाणं न गाता. वेळेचा हिशेब चुकला, केटी पुढच्याच खेपेला सोडवली, एवढं पुरे. त्यानंतरची जागा सस्पेन्शनच्या कामाला दे. कुठला भाग तुटला, का तुटला, पुढच्या वर्षी तुम्ही काय बदललं, हे तुझ्याइतकं तपशिलात दुसरं कुणी लिहू शकणार नाही. क्लासवाले 'लहानपणापासून यंत्रांची ओढ' छापाची तयार एसओपी देतात, ती घेऊ नकोस. आणि कुणी आजारपणाचं खोटं कारण सुचवलं, तर त्याच्या दारात पुन्हा पाऊल टाकू नकोस. नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी आपल्याकडच्या मुलांना एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. तिथे तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासली जातात, तेव्हा केटी लपवायचा विचारही मनात आणू नकोस.

आता देशांबद्दल. जर्मनीत आपले गुण एका ठरलेल्या सूत्राने बदलून घेतात. कमाल गुणांतून तुझे गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. दहापैकी 7.1 आणि उत्तीर्ण व्हायला 4 धरले, तर तुझे 2.45 येतात. तिथे 1.0 सर्वोत्तम, 4.0 म्हणजे नुसतं पास. ज्या अभ्यासक्रमाची अट 2.5 आहे, तिथे तू दारातून आत जातोस, जिथे 2.3 आहे, तिथे कितीही सुंदर पत्र जोडलंस तरी उपयोग नाही, त्या अर्जाचे पैसे वाचव. गुणांइतकंच ते हेही बघतात की गणित, थर्मो, मेकॅनिक्स यांचे किती क्रेडिट तू केलेस. म्हणून विषयवार अभ्यासक्रमाचं पुस्तक कॉलेजकडून सही-शिक्क्यासह घेऊन ठेव. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चारपैकी 3.0 ही किमान अपेक्षा असते, पण तिथले प्राध्यापक अख्खा अर्ज वाचतात, चढ मोजतात. तुझ्यासारख्याला तिथे बोलायला जागा जास्त मिळते. खर्च मात्र जड. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, पण म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून युरोपबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना ते लावलं आहे, आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. यादी करताना हे आधी बघ.

सगळ्यात जास्त जीव ओतायचा तो शिफारसपत्रांत. गेली कित्येक वर्षं मी ही पत्रं लिहिते आहे, म्हणून सांगते. प्राचार्यांची सही मोठी दिसते, पण 'विद्यार्थी मेहनती व नम्र आहे' यापलीकडे ते काय लिहिणार? त्यांनी तुला ओळखायचं तरी कसं? तुझं फ्लुइड काठावर सुटलं तेव्हा तो विषय शिकवणाऱ्या मॅडमच शेवटच्या वर्षी तुझ्या प्रोजेक्टच्या गाइड होत्या ना? त्यांच्याकडे जा. ज्या बाईंनी तुला त्या विषयात धडपडताना पाहिलं, त्यांनीच लिहिलं की याच मुलाने नंतर माझ्याकडे सीएफडीचं, म्हणजे प्रवाहाच्या संगणकी आकडेमोडीचं, काम स्वतः उभं केलं, तर दुसऱ्या वर्षाचा प्रश्न तुझ्याऐवजी त्या सोडवतील. त्या वाक्याला तुझ्या शब्दापेक्षा कितीतरी जास्त वजन आहे. 'तूच मसुदा आण, मी सही करते' असं त्या म्हणाल्या, तर नम्रपणे नको म्हण. त्याऐवजी प्रोजेक्टचा अहवाल, गुणपत्रिका आणि कुठे काय शिकायचं आहे याचं एक पान त्यांच्या हाती दे.

आणि एम-थ्री. त्याच गणिताचा एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स कर, आणि केंद्रावर जाऊन परीक्षाही दे. नुसते व्हिडिओ बघून भागणार नाही. आज गणित येतं, हे कागदावर दिसायला हवं. जीआरई परीक्षा अनेक ठिकाणी ऐच्छिक झाली आहे, पण गणिताच्या भागात 165 च्या वर जाता आलं तर गुण जरूर पाठव.

अमेरिकेचे बरेचसे अर्ज डिसेंबरच्या मध्याला बंद होतात, म्हणून मॅडमना दिवाळीच्या सुट्टीआधी भेट. एसओपीचा पहिला खर्डा मला पाठव, इंग्रजी कसंही असलं तरी चालेल. गाडीच्या तुटलेल्या भागाबद्दल मात्र सविस्तर लिही.

तुझी,
मावशी