गाव करी ते राव न करी

एखादे नगर भरभराटीस का येते, असा प्रश्न वर्गात विचारला असता बहुतेक विद्यार्थी बंदर, रस्ता, लोहमार्ग किंवा एखादा धनिक कारखानदार यांकडे बोट दाखवितात. ही कारणे खोटी नव्हेत. परंतु एकाच रस्त्यावर वसलेल्या दोन गावांपैकी एकाचे नाव देशोदेशी व्हावे आणि दुसरे होते तसेच राहावे, असेही आपण पाहतो. तेव्हा याहून निराळे काही कारण असले पाहिजे. ते कारण म्हणजे माणसामाणसांतील ज्ञानाची देवघेव होय. एकास सुचलेली युक्ती दुसऱ्याने सुधारावी, तिसऱ्याने ती बाजारात न्यावी आणि लाभ सर्वांच्या पदरी पडावा, अशी रीत ज्या गावी नांदते, ते गाव स्पर्धेत सहसा मागे पडत नाही. आपल्या रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या गावांवरून याचा पडताळा पाहता येईल.

पेणच्या गणेशमूर्ती सर्वांस ठाऊक आहेत. पेण शहरात आणि जवळच्या हमरापूर, जोहे, कळवे या गावांत हा व्यवसाय चालतो. कोणी मूळ नमुना घडवितो, कोणी त्यावरून साचा काढतो, कोणी साच्यातील मूर्ती घासूनपुसून साफ करतो, कोणी रंग देतो. आणि डोळ्यांची आखणी हे तर स्वतंत्र कसबच आहे. कच्च्या, म्हणजे न रंगविलेल्या, मूर्तीही येथून परगावी जातात व तेथील कारागीर त्यांस रंग चढवितात. परदेशी जावयाच्या मूर्ती भाद्रपदाच्या कित्येक महिने आधीच जहाजावर चढवाव्या लागतात. एवढा व्याप एकट्या कारागिरास, तो कितीही कुशल असला तरी, पेलणारा नाही. एका कारखान्यात हात बसलेला मुलगा पुढे स्वतःचा कारखाना काढतो, तेव्हा पहिल्या कारखान्याची विद्याही त्याच्याबरोबर जाते. येथे शेजारी हा प्रतिस्पर्धी असतो, तसा शिक्षकही असतो.

आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात अशा गावांचा विचार केला आहे. चाकू-सुऱ्यांकरिता प्रसिद्ध असलेले शेफील्ड हे त्यांपैकीच एक होय. एका धंद्याचे लोक जवळजवळ राहिले म्हणजे कुशल हात, लागणारे साहित्य आणि नवे ज्ञान ही तिन्ही सर्वांस सुलभ होतात, असे त्याच्या विवेचनाचे सार आहे.

परंतु आज पेणच्या या व्यवसायापुढे एक कठीण प्रश्न उभा आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती हलकी व लवकर तयार होणारी, पण ती पाण्यात सहजी विरत नाही. शाडूची मूर्ती विरते, पण ती जड, नाजूक व सुकण्यास वेळ घेणारी. शिवाय शाडू गुजरातेतून आणावा लागतो. २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध नियम केले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली. मात्र न्यायालयाच्या परवानगीवाचून नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन करू नये, असे ठरविले. हलकी, टिकाऊ आणि तरीही पाण्यात विरणारी मूर्ती कशी घडवावी, या कोड्यावर कित्येक कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून आहे. मातीचे गुण कारागीर जाणतो, मिश्रणाची परीक्षा रसायनशास्त्रज्ञ करील, साच्यातील बदल साचेकार सुचवील आणि प्रयोगाचा खर्च सहकारी संस्था सोसू शकेल. यश मिळाल्यावर एकाने ते लपविले, तर त्याचा एक हंगाम साधेल. सर्वांस सांगितले, तर पेणचे नाव टिकेल.

रोह्यास हेच तत्त्व निराळ्या रूपाने दिसते. मुळशी धरणाचे पाणी भिरा येथील १९२७ च्या वीजगृहातून कुंडलिका नदीत उतरते. याच नदीच्या खोऱ्यात, धाटाव येथे, रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. सांडपाणी शुद्ध करण्याची मोठी यंत्रणा प्रत्येक लहान कारखान्यास परवडत नाही. म्हणून तेथील उद्योजकांनी मिळून सामाईक केंद्र चालविले. तरीही नदीच्या पाण्याविषयी कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या तक्रारी होत आल्या आहेत. यावरून असा बोध होतो की, सहकार्याच्या मंडळात केवळ कारखानदार असून भागत नाही. ज्यांचे जीवन त्या नदीवर चालते, त्यांचा शब्दही तेथे ऐकला गेला पाहिजे.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. २०१० साली पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि असंख्य ठेवीदारांची आयुष्याची पुंजी अडकून पडली. केवळ सहकार हे नाव दिल्याने विश्वास उत्पन्न होत नाही. तो उघड्या हिशेबाने व वेळच्या वेळी विचारलेल्या प्रश्नांनीच टिकतो.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी मूर्तींचा कारखाना असेल, त्यांनी शाळेतील रसायनशास्त्र घरी न्यावे आणि घरचे कसब शाळेत आणावे. पालकांनीही मुलांचे प्रश्न, ते कितीही अडचणीचे वाटले तरी, ऐकून घ्यावेत. आपल्या पूर्वजांनी ‘गाव करी ते राव न करी’ असे म्हटले आहे. पण गावाने काही करावयाचे तर गावातील माणसांनी आधी एकमेकांस आपले ज्ञान सांगावयास हवे.