कुटुंबासाठी फोर बाय फोर गाडी : घेण्यापूर्वी एक पाठ



उसाचा पहिला हप्ता खात्यावर जमा झाला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. मुलगा-सून पुण्यात नोकरीला, बिऱ्हाड कोथरूडला नाहीतर हडपसरला. शनिवार-रविवारी मंडळी मळ्यात येतात, पण पावसाळ्यात पाणंदीने वस्तीपर्यंत गाडी पोचत नाही. मग सभासद विचारतात, "फोर बाय फोर घेऊ का? आणि घ्यायची तर कोणती?" रक्कम मोठी, कर्ज पाच-सात वर्षांचे, आणि गाडीत बसणार घरची सगळी माणसे. सबब या अंकात हा विषय जरा सविस्तर घेत आहोत.

जीप आपल्या भागाला नवी नाही. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडावयास सुरुवात केली. १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. त्या गाड्या कामाच्या होत्या. हाडे खिळखिळी व्हायची, पण कोणी तक्रार करीत नसे. आज आपण जी गाडी घेणार ती वर्षातले बहुतेक दिवस पुण्याच्या रहदारीत उभी राहणार आणि थोडेच दिवस चिखलात जाणार. निवडीचा सारा घोळ इथेच आहे.

१. चारही चाकांना ओढ म्हणजे काय?

साध्या गाडीत इंजिनाची ओढ दोनच चाकांना मिळते. ती दोन चिखलात फिरू लागली की बाकीची दोन नुसते ओझे होतात. फोर बाय फोरमध्ये ही ओढ चारही चाकांना जाते. यात दोन प्रकार आहेत. पहिल्यात चालक लिव्हर ओढून किंवा बटण दाबून पुढचा-मागचा एक्सल एकमेकांशी जोडतो. थार, जिम्नी, गुरखा या अशा गाड्या. त्यांना 'लो' गिअरची वेगळी पायरी असते. तीत ओढ साधारण दोन ते अडीच पट होते आणि वेग त्याच प्रमाणात उतरतो. दुसऱ्या प्रकारात गाडी आपण होऊन गरजेप्रमाणे ओढ वाटते. रांजणगावात २०१७ पासून बनू लागलेल्या जीप कंपासच्या फोर बाय फोर मॉडेलात ही सोय आहे.

पहिल्या प्रकारची गाडी कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये चालवू नये. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. एक्सल एकमेकांना जखडलेले असले की गाडी वळताना अडखळते, टायर घासतात आणि गिअरच्या पेटीवर ताण येतो. रस्त्यावर दोन चाके, चिखलात चार, हा साधा नियम.

आता एक गंमत पाहा. फोर बाय फोर असूनही गाडी रुतते. कारण एक्सलवरचे एक चाक अधांतरी झाले की डिफरन्शियल सगळी ओढ त्या रिकाम्या चाकालाच देतो. ट्रॅक्टरचे एक चाक फिरू लागले की आपण डिफरन्शियल लॉकचे पेडल दाबतो, तेच तत्त्व इथेही. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखाला असे लॉक पुढे आणि मागे दोन्हीकडे आहे. काही गाड्यांत ते फक्त मागे असते, तर काहींत फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून काम भागवतात. शोरूममध्ये हे नेमके विचारावे.

शिवाय पुष्कळदा गाडी ओढीअभावी अडतच नाही. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या पाणंदीला खोल चाकोऱ्या पाडतात, मधे उंचवटा राहतो आणि त्यावर गाडीचे पोट टेकते. मग चार काय, आठ चाके असली तरी ती हवेतच फिरणार! म्हणून उंची पाहावी. गुरखाचे पोट जमिनीपासून २३३ मिलिमीटर, थारचे २२६ आणि जिम्नीचे २१० आहे. काळ्या रानात दुसरी अडचण टायरची. डांबरी रस्त्याच्या टायरच्या खाचा दहा पावलांत मातीने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी वाफसा येईपर्यंत गाडी बाहेर ठेवून चालत जावे, यात कमीपणा नाही.

२. चालणे वेगळे, थांबणे वेगळे

ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. त्यामुळे फोर बाय फोर गाडी ओल्या रस्त्यावर जास्त लवकर थांबते, हा समज सोडावा. वेग ४० चा ८० केला की ब्रेक लागल्यावर थांबण्याचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. त्यातून उंच गाडी वळणावर लवकर कलंडते. ताम्हिणी किंवा दिवेघाट उतरताना वेग वळणाआधीच उतरवावा आणि गिअर खालचा ठेवावा.

टक्कर-चाचणीचे तारे पाहिल्याशिवाय सौदा करू नये. स्कॉर्पिओ-एनला २०२२ साली ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, तर थार रॉक्सला २०२४ साली भारत एनकॅपचे पाच. पण मागच्या बाकावरच्यांनी पट्टा लावला नाही तर त्या ताऱ्यांचा त्यांना उपयोग नाही. समोर लोखंडी बुलबार बसवू नये. केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्यावर कारवाई करण्यास राज्यांना कळविले आहे. बुलबारमुळे एअरबॅगच्या कामात बिघाड होऊ शकतो आणि पादचाऱ्याला इजा जास्त होते.

३. पाण्याशी मस्ती नको

आमचे एक सभासद बंधू दोन वर्षांपूर्वी रात्री ओढ्यावरच्या फरशीपूलावर गाडी घालून बसले. "फोर बाय फोर आहे, जाईल," असे म्हणाले. मधे गेल्यावर गाडी हळूच आडवी सरकू लागली. मागे दोन नातवंडे होती. पलीकडच्या ट्रॅक्टरवाल्याने दोर टाकला म्हणून सगळे वाचले. सभासद बंधूंनी स्वतःच आम्हाला हे लिहावयास सांगितले.

गाडी का सरकली, त्याचा हिशेब असा. गाडीचा तळ साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरा, म्हणजे सव्वापाच चौरस मीटर. पाणी तळाच्या वर दहा सेंटिमीटर चढले की ते सव्वापाचशे किलो भार उचलते. जिम्नीचे वजन साधारण बाराशे किलो. म्हणजे तळाच्या वर तेवीस सेंटिमीटर पाणी झाले की गाडी तरंगू लागते. जमिनीपासून मोजले तर जेमतेम गुडघाभर. चाकांची पकड त्याच्या आधीच सुटते आणि वाहते पाणी बाजूने ढकलते ते वेगळेच. कंपन्या सहाशे-सातशे मिलिमीटर पाण्यातून गाडी जाते असे सांगतात, ते संथ पाण्याचे. वाहत्या ओढ्याला तो आकडा लागू नाही.

शहरात असे होत नाही, असेही समजू नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने रस्त्यावरच्या गाड्या वाहून नेल्या आणि माणसे दगावली. खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता बंद होतो. तिथे आडवे लावलेले बॅरिकेड फोर बाय फोरवाल्यासाठीही असते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करू नये. इंजिनात पाणी शिरून ते फुटते आणि साध्या विमा पॉलिसीत ही भरपाई बहुधा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते.

४. कोणाला कोणती?

चौघांचे कुटुंब, पेठेतली अरुंद गल्ली आणि पार्किंगची मारामार असेल तर २०२३ साली आलेली जिम्नी पाहावी. रुंदी १६४५ मिलिमीटर, पण जागा चारच आणि सामानाला जागा कमी. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट दुमडावी लागते; आजींना ते जमत नाही. पाच माणसांना २०२४ ची थार रॉक्स सोयीची. सहा-सात माणसे असली तर चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन. मात्र तिची रुंदी १९१७ मिलिमीटर आहे, तेव्हा आधी सोसायटीचे गेट मोजावे! पाच दारांची गुरखा सात जणांना नेते, पण ती आरामापेक्षा कामाची गाडी आहे. रॉक्स आणि स्कॉर्पिओ-एनमध्ये फोर बाय फोर हवी असेल तर डिझेलच घ्यावी लागते. रोज शाळा-मंडई अशा चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर आजच्या डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर तुंबतो. आठवड्यातून एकदा तरी हायवेवर सलग चालवावी लागते.

५. घरी करावयाचा अभ्यास

शोरूमला जाण्याआधी एक वही करा. गेल्या वर्षभरात गाडी कुठे-कुठे गेली ते लिहा. चिखलात किंवा खडकाळ वाटेने किती दिवस गेली? त्यातले किती दिवस ती खरोखर अडली? अडली ती कशाने, ओढ कमी पडली, पोट टेकले की टायर गुळगुळीत होते?

आमच्या एका सभासदांनी असे टिपण ठेवले. वर्षातले अकरा दिवस निघाले, आणि अकराही वेळा गाडी एकाच चाकोरीत अडली होती. त्यांनी उंच बांध्याची साधी गाडी घेतली आणि वाचलेल्या पैशातून भावकीबरोबर पाणंदीला मुरूम टाकला. पाणंदीसाठी राज्य शासनाने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली होती. ग्रामपंचायतीत चौकशी करावी. दुसऱ्या सभासदांची वस्ती डोंगराच्या कुशीत, चढ उभा, घरात आजारी आई. त्यांनी फोर बाय फोर घेतली आणि योग्यच केले. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायला त्यांना दुसरा रस्ता नव्हता.

वहीतला हिशेब घरातल्या सर्वांसमोर वाचा. माताभगिनींना, वडीलधाऱ्यांना गाडीत चढून-उतरून पाहू द्या. मगच सही करा.